दुबार प्रत, मागणी नाही

सोमवारी सकाळी सव्वादहाला वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीसमोर अकरा वाचक रांगेत उभे होते, आणि त्या अकरा जणांच्या देखत ग्रंथपालसाहेबांनी खिडकीतल्या बाईंच्या हातात एक कागद ठेवला. नुसता ठेवला असता तरी एक वेळ चाललं असतं. साहेबांनी तो आधी मोठ्यानं वाचून दाखवला. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे संगणक नादुरुस्त होऊन देवघेव ठप्प झाली आहे. आज दुपारी चार वाजण्यापूर्वी लेखी खुलासा सादर करावा. आजच्या कार्यकारिणीच्या बैठकीत आपणास कामावरून कमी करण्याचा प्रस्ताव मांडण्यात येईल.’ वाचताना साहेबांनी स्वल्पविरामालासुद्धा नीट थांबा घेतला. मग पोच म्हणून बाईंची सही घेतली, आणि बाईंनी ती केलीही. एकवीस वर्षं पुस्तक आलं, पुस्तक गेलं म्हणून सह्याच करत आलेला हात तो, समोर कागद आला की चालणारच.

बिघाड झाला होता हे खरं. संगणक सुरू व्हायचा, पडद्यावर नेहमीचं चित्रही यायचं. पण देवघेवीचा प्रोग्रॅम उघडायला गेलं की मधोमध एक चौकट उभी राहायची. अमुक नावाची फाईल सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. फाईलचं नावही असलं, की उच्चारायला गेलं तर जीभ अडखळावी. आणि त्या प्रोग्रॅममध्ये चार हजार सभासद, कुणाकडे कोणतं पुस्तक, परत कधी यायचं, सगळं. तो उघडेना म्हटल्यावर खिडकी बंद.

निष्काळजीपणा कशाचा, तर शुक्रवारी बाईंनी त्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला होता. भाचीचा नोकरीचा अर्ज छापायचा होता, एका पानाचा. साहेबांनी दारातून ते पाहिलं, तेव्हा काही बोलले नाहीत. पण सोमवारी चौकट दिसताच त्यांना तो पेनड्राइव्ह लख्ख आठवला. ‘व्हायरस’ हा शब्द त्यांनी सकाळपासून वीसदा तरी उच्चारला असेल. व्हायरस म्हणजे काय हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी शब्दकोश काढला असता.

बाईंना राग आला होता, पण त्या रागाच्या बुडाशी एक खडा टोचत होता. लावला तर होता पेनड्राइव्ह. खरंच आपल्यामुळे झालं असेल तर? माणसाला कुणी रांगेसमोर गुन्हेगार ठरवलं की थोड्या वेळानं त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागतं, आणि याचाच बाईंना सगळ्यात जास्त संताप आला. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि नणंदेला फोन लावला.

ही नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ती शाळेत होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं वहिनीचं नवंकोरं घड्याळ आतून कसं असतं ते बघायला उघडलं होतं. ते पुन्हा जुळलं नाही. त्यावरून दोघींत वर्षभर अबोला होता. आता मात्र घरात कुणाशी पटत नसलं तरी या दोघींचं पटतं.

“स्क्रीनवर काय लिहिलंय, वहिनी?”

“अगं, काहीतरी फाईल नाहीये म्हणतंय.”

“काहीतरी नको. अक्षर न् अक्षर वाच.”

बाईंनी वाचलं. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला.

“साहेब म्हणतायत, सगळं पुसून नव्यानं भरू. नाहीतर ही फाईल इंटरनेटवर फुकट मिळते, ती उतरवून घेऊ.”

“साहेबांना सांग, रस्त्यात पडलेली गोळी उचलून खातात का? कुणीही हात लावायचा नाही. मी आले.”

ती आली ती खांद्याला पिशवी, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि कपाळावर आठ्या. साहेब तिला दारातच आडवे आले. साहेबांचा सदरा नेहमी कडक इस्त्रीचा, बोलणंही तसंच.

“आपण यांच्या नातेवाईक. तपासणी निःपक्ष होईल याची खात्री काय?”

“साहेब, मी कॉम्प्युटरची नातेवाईक नाही, तेवढं पुरेसं आहे.”

पहिली गोष्ट तिनं केली ती म्हणजे सभासदांची सगळी माहिती आपल्या जोडडिस्कच्या डबीत उतरवून घेतली. “आधी घरातली माणसं बाहेर काढायची, मग आग कुठे लागली ते बघायचं,” ती म्हणाली. मग डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत निघाली. मग व्हायरस शोधला. पाऊण तास पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राहिली. साहेब मागे हात बांधून उभे होते, आणि बाई त्या पट्टीकडे अशा बघत होत्या की जणू आपल्याच रक्ताची तपासणी चाललीय. शेवटी पडद्यावर शून्य आलं. काही सापडलं नाही.

“नसेल सापडला. हल्लीचे व्हायरस हुशार असतात,” साहेब म्हणाले.

“असतात. पण ‘नसेल सापडला’ एवढ्यावर कुणाला कामावरून काढत नाहीत,” नणंद म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

संगणकाच्या पोटातच एक सोय असते. मूळ फायली जशा असायला हव्यात तशा आहेत का, एकेक करून ताडून बघते, आणि मोडकं असेल ते दुरुस्त करायचा प्रयत्न करते. ती सुरू करायला मुख्य पासवर्ड लागत होता. बाईंच्या खात्याला तो अधिकार नव्हता. त्यांना फक्त प्रोग्रॅम उघडता यायचा आणि छापता यायचं.

“पासवर्ड कुणाकडे?”

“केवळ माझ्याकडे,” साहेब म्हणाले. अभिमानानं म्हणाले. एका हाताचा आडोसा करून त्यांनी तो स्वतः टाइप केला.

नणंदेनं मान वर करून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

तपासणी साडेबाराला संपली, तोवर साहेब जेवायला आपल्या खोलीत गेले होते. काही फायली सापडत नाहीत, दुरुस्त करता आल्या नाहीत. नणंदेनं त्याची लांबलचक नोंद उघडली आणि हरवलेल्या फायलींची नावं कागदावर उतरवत गेली. सदतीस भरल्या. उतरवता उतरवता तिचा हात मंदावला. तिनं दुसरं एक कपाट उघडलं, म्हणजे फोल्डर, आणि एकेक नाव तिथं शोधायला लागली.

“वहिनी, इकडे ये. गंमत बघ.”

“मला गंमत बघायला वेळ नाही. चारला माझा निकाल आहे.”

“म्हणूनच ये म्हणतेय.”

तिनं सांगितलं ते असं. या संगणकात दोन कपाटं असतात. एकात नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या फायली, दुसऱ्यात जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या. दोन्हीकडे पुष्कळशा फायलींची नावं अगदी एकसारखी. नाव एक असलं तरी फाईल वेगळी, काम वेगळं. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात, त्यातलं. देवघेवीचा प्रोग्रॅम जुना, तो दुसऱ्या कपाटातून खातो. आणि गेलेल्या सदतीसच्या सदतीस फायली दुसऱ्या कपाटातल्या होत्या. त्यांच्या नावाची एकेक फाईल पहिल्यात शाबूत होती.

“व्हायरस असा निवडून खात नाही,” नणंद म्हणाली. “आणि तुझ्या खात्यातून तर या फायलींना धक्कासुद्धा लावता येत नाही. पेनड्राइव्ह लाव नाहीतर आणखी काही लाव. कुणीतरी मुख्य पासवर्डनं आत शिरून, दोन्ही कपाटं शेजारी शेजारी ठेवून, जोड्या लावून काढल्यात. शनिवारी दुपारी, तीन ते पाच, नोंदीत वेळ आहे. पासवर्ड तर फक्त साहेबांकडे. पण ते असं कशासाठी करतील? माझं डोकंच चालत नाही बघ.”

बाईंचं चाललं. अगदी सरळ चाललं.

“म्हणजे एकाच नावाच्या दोन होत्या, आणि त्यातली एक ठेवून दुसरी काढली?”

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

जगात असं कुणी का करेल, हे संगणकवाल्यांना कधी सुचलं नसतं. वाचनालयात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला ते क्षणात कळलं. तीन वर्षांपूर्वी हे साहेब आले तेव्हापासून दुबार प्रती हा त्यांचा हाडवैरी. एका पुस्तकाच्या दोन प्रती फळीवर दिसल्या की साहेबांच्या अंगावर काटा यायचा. मागणी असो, नसो, एक ठेवायची, दुसरी काढायची. वाचक महिना महिना रांगेत थांबायचे, शिव्या मात्र खिडकीतल्या बाईंना घालायचे. आणि काढलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद साहेब स्वतःच्या हातानं करायचे, निर्लेखन नोंदवहीत. हिरव्या पाठीची, जाडजूड, त्यांच्या टेबलामागच्या कपाटात उभी. साहेब नियमाचे एवढे पक्के, की नोंद केल्याशिवाय त्यांनी फाटकं मासिकसुद्धा कधी फेकलं नव्हतं.

शनिवारी बाईंची अर्धी रजा होती. वाचनालय दोनला बंद झालं होतं. आत राहिले होते ते साहेब.

बाई सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं, नोंदवही काढली आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. साहेब जेवणाचा डबा उघडून बसले होते. “अहो, हे काय?” असं ते म्हणाले, पण तोवर बाईंचं वाचून झालं होतं.

त्या सुबक, वळणदार अक्षरात सदतीस नोंदी होत्या. अनुक्रमांक. नाव, म्हणजे त्या जीभ अडखळवणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या माळा, एकही चूक न करता. आकार. तारीख, शनिवारची. आणि निर्लेखनाचं कारण, प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा, खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूणही न करता पूर्ण लिहिलेलं: ‘दुबार प्रत. गेल्या पाच वर्षांत एकाही वाचकाची मागणी नाही.’

दारातून डोकावणाऱ्या नणंदेनं ते वाचलं आणि तिला असं हसू फुटलं, की तिनं चौकटीला धरून घेतलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “वाचकाची मागणी नाही!” ती म्हणायची आणि पुन्हा सुरू. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“साहेब, हे तुम्ही केलंत.”

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. ते लपवालपवी करणारे नव्हते, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

“जागा अपुरी असल्याची सूचना येत होती. मी पाहणी केली. एकाच नावाच्या दोन दोन प्रती. मी नियमाप्रमाणे एक ठेवली.”

“पण कॉम्प्युटरनं विचारलं नाही का तुम्हाला?” नणंदेनं डोळे पुसत विचारलं.

“विचारलं. प्रत्येक वेळी विचारलं. परवानगी नाही म्हणाला, तेव्हा मी मुख्य अधिकारात जाऊन परवानगी दिली.” साहेब जरा थांबले. “दुबार प्रत काढताना विरोध होतोच. वाचकसुद्धा करतात.”

“आणि सकाळी बिघाड झाल्यावर तुम्हाला हे आठवलं नाही?” बाईंचा आवाज चढला होता. “शुक्रवारचा माझा पेनड्राइव्ह आठवला, आणि शनिवारची स्वतःची सदतीस नावं आठवली नाहीत?”

“त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.”

“का नाही वाटलं?”

खरं उत्तर असं होतं, की बिघाड म्हटला की तो खिडकीतल्या माणसानं केलेला असतो आणि नोंद म्हटली की ती टेबलामागच्या माणसानं केलेली असते, ही त्यांची समजूत इतकी जुनी होती की ती त्यांना स्वतःलाही दिसत नव्हती. पण एवढं बोलण्याइतका माणूस स्वतःला ओळखत असता तर आणखी काय हवं होतं. ते म्हणाले ते भलतंच.

“ते काही असो. पेनड्राइव्ह आपण लावला होता. तेव्हा खुलासा तर द्यावा लागेल. प्रस्ताव विषयपत्रिकेवर आलेला आहे.”

नणंदेचं हसू त्या क्षणी थांबलं.

दुरुस्तीला पुढे फार वेळ लागला नाही. नणंदेनं पिशवीतून मूळ फायलींची सीडी काढली, संगणकाला हरवलेला माल कुठून घ्यायचा ते दाखवलं आणि तपासणी पुन्हा सुरू केली. साहेबांची नोंदवही तिनं मांडीवर उघडून ठेवली होती. परत आलेल्या एकेक फाईलपुढे ती पेन्सिलनं बरोबरची खूण करत गेली. एवढी शिस्तशीर यादी आपल्याला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकानं दिली नव्हती, असं ती पुटपुटली. तीन वाजून वीस मिनिटांनी देवघेवीचा प्रोग्रॅम उघडला, चार हजार सभासद जसेच्या तसे. बाईंनी चार-पाच नावं काढून पाहिली.

चारला बैठक भरली. लांब टेबल, सहा खुर्च्या, पाच माणसं, कपबशा. अध्यक्ष म्हणजे गोलमटोल, हसतमुख गृहस्थ. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटत नसे आणि कुणाचं चांगलं व्हावं म्हणून त्यांनी कधी जागचं हलल्याचंही ऐकिवात नव्हतं. बाईंनी खुलासा लिहिलाच नव्हता. त्यांनी नोंदवही उघडून अध्यक्षांसमोर ठेवली, आणि नणंदेनं काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

अध्यक्षांनी वाचलं. त्यांचं पोट आधी हललं, मग आवाज फुटला. “मागणी नाही! अहो ग्रंथपाल, कमाल आहे तुमची!” नोंदवही हातोहात फिरली. खजिनदार हसले, चिटणीस हसले, एका सभासदाला ठसका लागला. साहेबसुद्धा जरासे हसले, मान खाली घालून, कौतुक झाल्यासारखे. विद्वान माणसाचा विसराळूपणा, असं कुणीतरी म्हणालं. मग आणखी चहा मागवला गेला.

“चला, सुरू झालं ना सगळं? झालं तर मग,” अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. “तो प्रस्ताव राहू द्या आता. चिटणीस, इतिवृत्तात लिहा, तांत्रिक बिघाड झाला होता, दुरुस्त करण्यात आला. पुढचा विषय?”

चिटणिसांचं पेन चाललं. नणंद काही बोलायला पुढे झाली, पण बाईंनी तिचं मनगट धरलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्या खोलीत बाईंचा आवाज आजवर ‘चहा आणू का’ एवढाच ऐकलेला. सगळ्यांनी माना वळवल्या.

“सकाळी हे माझ्याकडून झालं असं वाटत होतं. तेव्हा तो निष्काळजीपणा होता. अकरा माणसांसमोर वाचून दाखवला, माझी पोटापाण्याची नोकरी काढून घ्यायला निघालात. साहेबांनी स्वतःच्या हातानं सदतीस फायली काढल्या, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवल्या, तर तो तांत्रिक बिघाड? संगणकानं काय केलं हो? तो तर बिचारा प्रत्येक वेळी नको म्हणत होता.”

“अहो बाई, आता मनाला लावून घेऊ नका,” अध्यक्ष म्हणाले. “मिटलं ना सगळं.”

“तुमचं मिटलं. सकाळी मी दोषी होते तोवर इथे कुणाला हसू आलं नव्हतं.”

साहेबांचे कान लाल झाले होते. चिटणिसांचं पेन ‘तांत्रिक’वर अडलं होतं.

“ठीक आहे,” अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले. “तुमचा मेमो मागे घेतल्याचं पत्र देऊ. उद्या-परवा ग्रंथपाल तयार करतील. तुम्ही जा आता, वाचक खोळंबलेत.”

वाचक खोळंबले होते, हे खरंच. खालून आवाज येत होते. एकवीस वर्षं ‘वाचक खोळंबलेत’ एवढं ऐकलं की बाई हातातला घास टाकून उठल्या होत्या. आजही पाय दाराकडे वळले. मग त्यांनीच ते थांबवले.

टेबलापाशी सहावी खुर्ची रिकामी होती. बाईंनी ती ओढली, फरशीवर तिचा कर्रकन आवाज झाला, आणि त्या बसल्या. अध्यक्षांच्या समोर, साहेबांच्या शेजारी. चिटणिसांच्या पुढ्यातला एक कोरा कागद त्यांनी उचलला आणि साहेबांपुढे सरकवला.

“उद्या नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ता लिहा. कारणासकट. तुमचं अक्षर छान आहे.”

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कपाकडे पाहिलं. बाई उठल्या नाहीत. शेवटी साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सकाळच्या कागदातल्या ‘आपल्या’च्या जागी पहिला शब्द लिहिला: ‘माझ्या’.